अर्धं दार: पाळणाघराच्या बाथरूमची कामवही

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम काढायचं ठरलं म्हणून वही उघडली. आईंची, म्हणजे सासूबाईंची, जुनी हिशोबाची वही. मागची पानं कोरीच होती. आईंनी नाशिकच्या इंदिरानगरातल्या याच रो-हाउसमध्ये पाळणाघर सुरू केलं तेव्हा अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका सकाळी सातला पोरं सोडायच्या. आता मी बघते. पोरं बावीस, दीड वर्षापासून नऊ वर्षांपर्यंतची. दोन मावशी, स्वयंपाकाच्या एक ताई आणि मी.

निमित्त झालं ते साडेपाच वर्षांच्या एकाचं. सिनिअर केजीतला. संध्याकाळी त्याच्या आईने बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हा तुमच्याकडे शीला जातच नाही का?" मी आठवून पाहिलं. खरंच, दिवाळीपासून गेल्याचं आठवेना. शूसुद्धा अगदी गळ्याशी आल्यावर. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय की तो धरून ठेवतो. धरलं की खडा होतो, खडा झाला की दुखतं, आणि दुखतं म्हणून पुढच्या वेळी आणखी धरतो. आईने खोदून विचारल्यावर म्हणाला, "तिथे सगळे बघतात."

खरं आहे. आमच्या बाथरूमला दार आहे, कडी नाही. तीन वर्षांपूर्वी एका चिमुरडीने आतून कडी लावली आणि तिला उघडता येईना. वीस मिनिटं ती आत रडतेय, आम्ही बाहेर. शेवटी शेजारच्या काकांनी पहारीने दार उचकटलं. त्याच दिवशी कडी काढून टाकली, आणि दार आपोआप मिटू नये म्हणून त्याला कायमची वीट लावली. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

८ जानेवारी, बुधवार

आज दिवसभर पॅसेजमध्ये स्टुलावर बसून नुसतं पाहिलं. पेपरात रोज निफाडचा पारा छापून येतोय, त्यामुळे फेऱ्याही जास्त. थंडीत शू जास्त लागते, आणि वर स्लॅक्स, पायजमा, स्वेटर. कपडे उतरवेपर्यंत निम्म्यांची होऊन जाते. सत्तर रेघा मारल्यावर मोजणं सोडलं.

जेवणानंतरची रांग मी रोज बघते, पण आज पहिल्यांदा पाहिली. झोपायच्या आधी सगळ्यांची 'शूची गाडी' निघते. वेळ वाचावा म्हणून धाकट्या मावशी पॅसेजमध्येच सगळ्यांच्या चड्ड्या उतरवून खुंट्यांना अडकवतात. आठ-नऊ पोरं कमरेखाली उघडी, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. समोर स्वयंपाकघर. त्याच वेळी व्हॅनकाका दुपारच्या पोरांना सोडायला येतात. गॅसवाला आला तर तोही त्याच पॅसेजमधून जातो.

दोन-तीन वर्षांच्या पोरांना याचं काहीच नाही, मजेत असतात. पण तो साडेपाच वर्षांचा रांगेच्या शेवटी उभा होता, शर्ट दोन्ही मुठींनी गुडघ्यापर्यंत ओढून. एक पोरगी त्याच्याकडे बोट दाखवून "शेम शेम" म्हणाली. तिला ते कोणी शिकवलं? आम्हीच. उघडं पोर पळताना दिसलं की आपण सगळेच गमतीने शेम शेम म्हणतो. म्हणजे उघडं आम्हीच करायचं आणि लाजही आम्हीच काढायची.

११ जानेवारी, शनिवार

मावशींशी बोलणं झालं. मोठ्या मावशी आईंच्या वेळेपासूनच्या. त्या म्हणाल्या, "लेकरांना कसली आलीय लाज, ताई? आमच्या सिन्नरकडं सात-आठ वर्षांची पोरं नागडी विहिरीत पोहायची." धाकट्या मावशी गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दार लावायचं म्हणता, पण मागे तुम्हीच म्हणाला होता, दार उघडंच ठेवा."

म्हणाले होते. गेल्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेच्या स्वच्छतागृहात बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला आणि २० तारखेला लोकांनी रेल्वे अडवून धरली. त्या आठवड्यात माझ्याकडच्या प्रत्येक आईने मला विचारलं होतं, "तुमच्याकडे शीला कोण नेतं?" मी छातीठोक सांगितलं, फक्त मावशी, आणि दार सताड उघडं असतं. त्याचीच मला तेव्हा घमेंड होती.

धाकट्या मावशींची भीती वेगळी आहे, ती आज कळली. बंद दाराआड त्या पोराला धूत असतील आणि उद्या पोर काहीबाही बोललं, तर त्यांच्या बाजूने कोण उभं राहणार? हा प्रश्न फालतू नाही. बावीस घरांची पोरं दिवसातून दहा वेळा त्यांच्या हाताखालून जातात.

रात्री बसून विचार केला तेव्हा गुंता थोडा सुटला. आम्ही दोन गोष्टींची एकच मोट बांधत होतो. उघड्यावर असायला हवं ते मोठ्या माणसाचं वागणं. पोराचं अंग नाही. मोठं माणूस कुठे उभं आहे, हात कुठे आहेत, हे पॅसेजमधल्या कोणालाही दिसलं पाहिजे. पोराचं काही कोणाला दिसायचं कारण नाही. असं दार हवं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी नि भाजी पोरांनी निम्मी टाकली.

दोन्ही मावशींना पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याबद्दल पुन्हा सांगितलं. २०१२ चा आहे. त्यातलं कलम १९ त्यांना नीट समजावं म्हणून चहाच्या वेळी तीनदा बोलले. पोरावर असं काही झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'आपण कशाला त्यात पडा' चालत नाही, न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवला. मोठ्या मावशींनी विचारलं, "तुमच्याविरुद्ध असलं तरी कळवायचं?" म्हटलं, "माझ्याविरुद्ध असलं तर आधी."

१८ जानेवारी, शनिवार

पाच वर्षांखालच्या सगळ्यांचं बोरन्हाण एकत्र केलं. काळे झबले, हलव्याचे दागिने. बोरं, चुरमुरे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या. एकाने नाकात चुरमुरा घातला, तो शिंकेबरोबर निघाला.

पालक आलेच होते म्हणून दाराचं बोलून घेतलं. बहुतेकींना पटलं. एक बाबा मात्र कॅमेऱ्यावर अडून बसले. हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये कॅमेरे आहेतच, त्यांचं म्हणणं, बाथरूमच्या आतही लावा आणि लाइव्ह चित्र पालकांच्या मोबाइलवर द्या, "म्हणजे प्रश्नच मिटला." मी म्हटलं, "तुमच्या मुलीला शीला बसलेली बावीस घरांतली माणसं बघणार, त्यातले काही ऑफिसात, काही बसमध्ये. हा प्रश्न मिटला की सुरू झाला?" ते थोडे वरमले. कोणाच्या गुप्तांगाचं चित्र संमतीशिवाय टिपणं हाच मुळी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तेही सांगितलं. पॅसेजच्या कॅमेऱ्याचा कोन बदलायचं कबूल केलं: दारापुढे उभी असलेली मावशी पूर्ण दिसेल, दाराच्या आतलं काही नाही.

आणि मग एका आईने जे काढलं ते वर्मी लागलं. गेल्या रंगपंचमीला आम्ही अंगणात पोरांचे कपडे काढून पाइपने धुतलं होतं आणि त्याचा फोटो मीच ग्रुपवर टाकला होता. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिच्या मुलीचा फोटो तिच्या दिराने पुढे पाठवला, तिथून आणखी कुठे गेला तिलाही माहीत नाही. वर्षभर ती मला हे बोलली नव्हती. ग्रुपवरून सगळ्यांसाठी पुसायची मुदत कधीच उलटून गेलीय. माझ्या फोनमधून पुसला. त्याचा उपयोग किती, ते मलाही कळतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

सुतार आले. मापं.

बाथरूम पाच बाय सात फूट. एका भिंतीला देशी भांडं, समोर मोठ्यांचा कमोड, त्यावर प्लास्टिकची लहान सीट. मोठ्यांच्या कमोडची उंची पंधरा-सोळा इंच. तीन वर्षांचं पोर त्यावर बसलं की पाय लोंबकळतात, आणि पाय टेकलेले नसले की नीट जोर देता येत नाही. त्यामुळे कमोड बदलून दहा-अकरा इंचाचा. देशी भांडं ठेवायचं, कारण घरी तीच सवय असलेली निम्मी पोरं आहेत. फक्त बाजूला धरायला आडवी दांडी. मध्ये पार्टिशन, दोन कप्पे, दोन अर्धी दारं.

दार किती उंच, यावर अर्धा तास गेला. सुतारांचं एकच, "वरपर्यंत घ्या ना मॅडम, थोड्याच पैशांचा फरक आहे." त्यांना समजावण्यापेक्षा खडू घेतला. भिंतीवर साडेतीन फुटांवर रेघ मारली आणि पोरांना बोलावून उभं केलं. चार वर्षांची रेघेखाली. सहा वर्षांच्या पोराने टाचा उंच केल्या आणि डोळे रेघेच्या वर. म्हणजे बाहेरून दुसरं पोर डोकावणार. तीन इंच वाढवले. मग मी रेघेमागे उभी राहिले. माझी उंची पाच फूट एक इंच. मान न वाकवता पलीकडची फरशी दिसते. धाकट्या मावशी माझ्याहूनही बुटक्या, त्यांनाही दिसतं. कमोडवर बसलेलं पोर मात्र बाहेरच्या पोरांपासून पूर्ण झाकलेलं. सुतार म्हणाले, "आता कळलं. हॉटेलच्या किचनसारखं."

बाकीचं ठरलं ते असं. प्लायवूड नको, पाण्याने फुगतं, पीव्हीसीचा पत्रा. दोन्हीकडे उघडणारं स्प्रिंगचं बिजागर त्यांनी सुचवलं, ते नको. ते दार जोरात परत येतं आणि बिजागराच्या फटीत बोट सापडलं तर नख जातं. साधं बिजागर आणि फटीवर रबराची पट्टी. कडी नाहीच. मिटलं राहावं म्हणून मॅग्नेट. दाराखाली सहा इंच मोकळे: पाणी निघायला, आणि पोर आत पडलं तर कळायला.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल-आज सुट्टी देऊन काम उरकलं. लहान कमोड वेळेवर आला नाही. भद्रकालीतल्या दुकानदाराने तीनदा 'उद्या' केलं. काल संध्याकाळी आला तो फिका गुलाबी. पांढरा सांगितला होता. ठेवून घेतला.

टाइल्सचा वास अजून आहे, उद्या दिवसभर खिडकी उघडी. बादल्यांचं नवीन: वापरून झाली की पालथी. भरलेली बादली किंवा टब खाली ठेवायचाच नाही. दीड-दोन वर्षांचं पोर तोल जाऊन डोक्यावर आत पडलं तर दोन-तीन इंच पाणीही त्याच्या जिवावर उठतं. ही गोष्ट लाजेबिजेची नाही, पण दार आलं म्हणजे बादली नजरेआड होते, म्हणून इथेच लिहून ठेवते.

खर्च आतापर्यंत ३८,४००. मिस्त्रींचे दोन हजार द्यायचेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्घाटन फसलं. सव्वादोन वर्षांचे दोघे दाराखालच्या सहा इंचांतून मान घालून आत बसलेल्या मोठ्या मुलीशी गप्पा मारत होते. ती किंचाळली. इतकी मापं घेतली, पण रांगणाऱ्यांचं माप घ्यायचं राहिलं. खाली आणखी तीन इंचांची पट्टी लावून घ्यायची.

मॅग्नेट दुपारीच निघाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. पोरं निम्मीच आली, म्हणून शांतपणे मावशींबरोबर 'कोणी कोणाला काय करायचं' बसवता आलं.

परदेशी पुस्तकांतलं इथे सरळ लागू होत नाही, कारण तिथे पुसणं आहे, इथे धुणं. धुवायला हात लावावाच लागतो. म्हणून कुठल्या वयापर्यंत कोणाचा हात, हे ठरवणं आलं. तीनपर्यंत मावशी धुणार. हात लावायच्या आधी तोंडाने सांगायचं, "आता चड्डी काढते हं, आता पाणी घालते." दीड वर्षाच्या डायपरवाल्यालाही. मोठ्या मावशी हसल्या, "त्याला काय कळतंय?" मग म्हणाल्या, "बकरीचं दूध काढतानाही आम्ही आधी पाठीवर हात ठेवतो." तेच. तीन ते साडेचार, पोराने पाण्याचा मग धरायचा, मावशीने हाताला हात लावून शिकवायचं. मुलींना पाणी पुढून मागे, नाहीतर जंतू पुढे येऊन लघवीला जळजळ सुरू होते. साडेचारच्या पुढे मावशी दाराबाहेर. पोराने हाक मारली आणि 'ये' म्हटलं तरच आत.

रांग बंद. एका वेळी दोघं. चड्डी आत गेल्यावर काढायची; खुंट्या उपटून आतल्या भिंतीला लावल्या. 'शेम शेम' बंद, मोठ्यांनाही.

शब्दांवरही बोललो. पोरांना 'तिथे', 'खाली', 'ते' असं शिकवलं की त्यांना दुखलं-खुपलं सांगता येत नाही. एका मुलीने मागे आठवडाभर 'पोटात दुखतं' सांगितलं आणि निघाला शूच्या जागी पुरळ. सध्या 'शूची जागा' आणि 'शीची जागा' यावर एकमत झालंय. पुढचं आईवडिलांनी ठरवावं, पण नाव मात्र असावं.

पालकांसाठी अर्जात एक ओळ वाढवली: धुण्यासाठी मदत हवी / नको / मुलाला विचारून. एका आईने 'हवी' लिहून पुढे लिहिलं, "घरी अजून आजीच धुते." मुलगा आठ वर्षांचा. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आजीला सांगू नका, मला येतं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आत कोणी आहे हे कळायला दारावर फिरणारी चकती लावलीय, एका बाजूला कैरी, दुसऱ्या बाजूला आंबा. कैरी म्हणजे आत कोणीतरी आहे. चित्रं शाळेतून येणाऱ्या मोठ्या मुलींनी काढली.

साडेपाच वर्षांचा आज चार वाजता माझ्याकडे आला. म्हणाला, "काकू, तू चल. पण आत नको. आणि भिंतीकडे बघ." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आतून दर मिनिटाला प्रश्न, "बघत नाहीस ना?" "नाही." "मग बोल." काय बोलू? रंग उडालेला टवका दिसत होता, त्याच्यावर बोलले, तो टवका कुठल्या प्राण्यासारखा दिसतो यावर. उंट ठरला. झाली फक्त शू. शीचं अजून घरीच. त्याच्या आईला सांगितलं, घाई करू नका. आतला खडा मऊ होऊन दुखायचं थांबल्याशिवाय नुसत्या दाराने तो बसणार नाही. औषध चालू आहे.

३ मार्च, सोमवार

व्हॅनकाकांना सांगावं लागलं की पोरांचं बाथरूम मोठ्यांसाठी नाही, मागच्या अंगणातलं वापरा. प्लंबर, गॅसवाले, माझा नवरा, सगळ्यांना तेच. नियम सगळ्यांना सारखा असला तरी ऐकणाऱ्याला तो आपल्यापुरताच वाटतो. व्हॅनकाका दहा वर्षं आमची पोरं ने-आण करतात. "माझ्यावर संशय आहे का?" म्हणाले. नाही म्हटलं, आणि खरंच नाही. पण आजपासून चहाला थांबले नाहीत. उद्या पुन्हा बोलेन.

८ मार्च, शनिवार

पालकांसाठी पाटी: कधीही या, न सांगता या. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय द्यायची, आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाता यायला हवं, असं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीत आहे. आमच्या घरगुती पाळणाघराचा त्याच्याशी संबंध नाही, पण ते चार वेळांचं मला आवडलं. आमच्याकडे मोजायचं नाही, एवढंच.

व्हॅनकाका अजून घुश्शात.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. म्हणजे रंगपंचमीला सहा दिवस. बाकीचा महाराष्ट्र उद्या रंगेल, नाशिक १९ ला. गावात तिवंधा, शनिचौकातल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात, लोक त्यात धप्पे (उड्या) मारतात, आणि आमच्या अंगणात बावीस पोरं दोन टबांत.

तयारी: तीनच्या खालच्यांना रंग नाही, फक्त पाण्याचे फुगे. प्रत्येकाच्या पिशवीत नाव घातलेला कपड्यांचा जोड आणि टॉवेल. बदलायला दोघं-दोघं, अर्ध्या दाराआड. सगळ्यांचे फोन, माझाही, स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर.

२० मार्च, गुरुवार

कालची नोंद आज, काल हात उचलत नव्हता.

अकरापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. साडेअकराला टाकी संपली. कोणीतरी मागचा पाइप चालूच ठेवला होता. सतरा पोरं रंगात चिंब, त्यातली चार थंडीने कुडकुडतात, एकाच्या डोळ्यात रंग, आणि नळाला फक्त मागच्या अंगणात बारीक धार. अर्ध्या दारांपर्यंत बादल्या वाहायच्या तर तास जाणार. मी म्हटलं, जाऊ दे, चौघांना इथेच नळाखाली उरकू.

मोठ्या मावशी काही न बोलता आत गेल्या आणि त्यांचं ते जुनं लुगडं घेऊन आल्या, दुपारी अंगावर घेऊन पडतात ते. कपड्यांच्या दोरीवर टाकलं, दोन्ही टोकांना चिमटे. खाली कोपऱ्यात विटा. त्याच्या आड एकेकाला घेतलं. "आता शर्ट काढते हं," असं मोठ्याने, आम्हाला ऐकू जाईल असं. दोरीच्या वरून त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते.

साडेपाच वर्षांचा रांगेत होता. त्याने शर्ट ओढला नव्हता. लुगड्याला चिमटा कमी पडला तेव्हा मावशींनी त्यालाच एक टोक धरायला लावलं, आणि त्याने ते धरलं, तोंड दुसरीकडे करून.

दीडला सगळे कोरडे, कपडे घातलेले, केसांत तेवढा गुलाबी. तेव्हा एक फोटो काढला. रात्री ग्रुपवर एका आईचा प्रश्न, रंगात भिजलेले फोटो कुठे आहेत? नाहीत, म्हणून लिहिलं. तिने रडका चेहरा पाठवला.

दुसऱ्या दाराचा मॅग्नेट पुन्हा निघालाय. सुतार शनिवारी येतो म्हणालेत. लुगड्यावरचा रंग निघत नाही, मावशींना नवीन घेऊन द्यायचं आहे.